सकाळचा चष्मा, संध्याकाळचा चष्मा

४ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

बरेच रविवार पाहतो आहे, फोन केला की तू मला चार वाक्यांत वाटेला लावतेस. सुरुवातीला छान बोलतेस, मग आवाज नाकातून यायला लागतो, मग शब्द साखरेसारखे विरघळतात आणि फोन बंद. परवा तर वाटलं, तोंडात घास ठेवूनच बोलते आहेस. म्हातारा भाऊ कंटाळवाणा झाला असेल तर तसं सरळ सांग. चाळीस वर्षं वर्गात कविता शिकवलेल्या माणसाला समोरच्याच्या जांभया ओळखता येतात, फोनवरच्यासुद्धा.

इकडे सगळं ठीक. तू पाठवलेला चष्मा नाकावर अगदी बसला आहे. त्यातून काल जुनं पाठ्यपुस्तक काढून वाचलं, तेच आपलं, मागचं पान फाटलेलं. ती डोंगरातल्या वाटसरूंची कविता आठवते का गं?

उठा रे, उठा, दीप हाती धरा,
पुढे डोंगराच्या उभा आसरा…

कवीचं नाव फाटलेल्या पानाबरोबर गेलं, पण चाल अजून पायांत आहे. शाळेच्या मैदानावर आपले आप्पा पांढऱ्या बुटांत उभे, तिथे वडील नव्हेत, गावाचे कवायत मास्तर, मान ताठ, आणि तू त्यांच्या पुढ्यात दोन वेण्या हलवत खड्या आवाजात म्हणते आहेस. शेवटच्या रांगेतल्या मुलाला ऐकू गेलं पाहिजे हा आप्पांचा हुकूम असे, आणि तुझा आवाज तर रांग ओलांडून रस्त्यावर जायचा. माझा कधी गेला नाही. मी कविता मनात म्हणणारा. पुढे सुट्टीत मी कॉलेजातून घरी यायचो तेव्हा आप्पांच्या गळ्यात ती चकचकीत शिट्टी आली होती. काय रुबाब होता तिचा!

असो. म्हातारपण म्हणजे जुन्या वर्गात पुन्हा पुन्हा हजेरी लावणं. तुझी तब्येत, दुकान, बिट्टी, सगळं सविस्तर लिही.

लोभ आहे तेवढा पुरे, पत्रं मात्र वाढव.

तुझा,
दादा

---

११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन तुझ्या कंटाळ्याने ठेवत नाही. तुझा कंटाळा यायला मला बरीच वर्षं लागली आणि आता त्याची सवय झाली आहे. खरं कारण असं की बोलता बोलता जीभ जड होते. सुरुवात चांगली होते, मग आवाज पाय ओढत चालतो, आणि शेवटी काय बोलते आहे ते माझं मलाच कळत नाही. म्हणून हे पत्र. हात अजून पुरता बोलतो, मध्ये मध्ये टेकवावा लागतो इतकंच.

तुला म्हणून सांगते. संध्याकाळी दुकानातून समोर पाहिलं की बेकरीचा एक दिवा मला दोन दिसतो, एक जागेवर आणि दुसरा जरा वर, तिरका. आता चष्मेवालीला असं दिसलं तर ती काय करणार? मी माझा नंबर तपासला. काच घासली, तिरपं भिंग घालून दिवे एकावर एक आणले, फ्रेम चढवली. झक्क एक दिवा! सकाळी तोच चष्मा घालून दुकानात आले तर सगळं जग पुन्हा दोन. चष्मा काढला की एक. मी घासणीच्या यंत्राला शिव्या घातल्या, दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने यंत्र उघडून पाहिलं आणि म्हणाला की यंत्र ठणठणीत आहे, बाईंनीच स्वतःला एकदा उघडून पाहावं. मी त्याला हाकलला. मग दुपारसाठी एक वेगळा चष्मा केला. आता गल्ल्यावर चष्मे ओळीने मांडून ठेवलेत, सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा चिठ्ठ्या लावून. वहिनीच्या औषधाच्या बाटल्या तू लावून ठेवायचास ना, तसंच.

शिवाय उजवी पापणी दिवसभरात खाली येते. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ फ्रेम घट्ट करायला आले होते. त्यांना वाटलं, मी डोळा मारला. बिचारे आता रोज फ्रेम घट्ट करून घ्यायला येतात. हसू नकोस. हसायला गेले की माझंही हसू वाकडंच उमटतं, आरशात पाहिलं मी.

केस विंचरताना हात खाली पडतात. वय झालं, दुसरं काय. तुझ्या भाचीला, बिट्टीला, एका शब्दाने कळवू नकोस. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते, तिला कुणी दिसलं की सुई आठवते.

लोभ असू दे, उपदेश कमी असला तरी चालेल.

तुझी,
ठकू

---

१७ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

बँकवाल्या गृहस्थांवर मी इतका हसलो की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. पण नंतर पत्र पुन्हा वाचलं आणि हसू गळालं.

उपदेश नको म्हणालीस, तरी देणार. तू नुसती बसतेस गं! दिवसभर स्टुलावर, डोळे भिंगाला लावून. शरीर म्हणजे गंजणारी गोष्ट. आपल्या घरी कुणी आजारी पडलं की आप्पा काय करायचे? अंथरुण गुंडाळून ठेवायचे. ताप असला तरी अंगणात उभं करायचे आणि पूर्ण कविता म्हणायला लावायचे, पाय जुळवून, छाती काढून. आवाज चढला की ताप उतरतो, असं त्यांचं शास्त्र होतं. मला गोवर आला होता तेव्हा मी त्या वाटसरूंची अख्खी कविता म्हटली होती आणि शेवटच्या कडव्याला खरोखरच घाम फुटून मोकळा झालो होतो. आई पदराआड रडत होती म्हणे, मला मात्र आप्पांचे पांढरे बूटच आठवतात.

तेव्हा तू असं कर. रोज संध्याकाळी, थकवा वाटेल तेव्हाच, दुकानामागचा जिना चढायचा आणि उतरायचा, आणि चढताना ती कविता मोठ्याने म्हणायची. आवाज बुडाला की पुन्हा पहिल्यापासून. हाताचा अंगठा डोळ्यांपुढे धरून त्याच्याकडे टक लावून पाहायचं, दोन अंगठे दिसले तर एक होईपर्यंत सोडायचं नाही. आपण कवायत मास्तरांची पोरं आहोत. बसून राहणं आपल्या रक्तात नाही.

बिट्टीला कळवत नाही. शब्द दिला.

जिन्याच्या प्रत्येक पायरीवर माझा लोभ ठेवलेला आहे, तो गोळा करत चढ.

तुझा,
दादा

---

९ एप्रिल

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आईने तुला काही कळवायचं नाही अशी तंबी दिली आहे. तुम्ही दोघं बहीणभाऊ माझ्यापासून गोष्टी लपवता आणि एकमेकांपासूनही, त्यामुळे मध्ये मीच उरते.

गेल्या आठवड्यात ती दुकानामागच्या जिन्यात पडली. पायाला खरचटलं, बाकी वाचली. तिथे काय करत होतीस विचारलं तर म्हणाली, कविता म्हणत होते. मला आधी वाटलं, डोक्याला मार लागला. मग तुझा उपाय कळला.

मी तिला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मोठ्याने आकडे मोजायला सांगितले. आई म्हणाली, आकडे दुकानात पुष्कळ मोजते, त्यापेक्षा कविता म्हणते. पहिलं कडवं खणखणीत. दुसऱ्यात आवाज नाकात गेला. तिसऱ्यात नुसते ओठ हलत होते. मी तिथे उभी होते मामा. मला वाटलं, ती शब्द विसरली. ती विसरली नव्हती, शब्द बाहेर ढकलायला काही उरलंच नव्हतं. मग बाईंनी बर्फाची पिशवी तिच्या मिटलेल्या पापणीवर थोडा वेळ धरली. काढली तर पापणी वर! आई आरशात पाहून लहान मुलीसारखी हसली. जराशाने पापणी पुन्हा खाली आली. माझ्याच प्रयोगशाळेत तिचं रक्त तपासलं आणि बाईंना ज्याचा संशय होता नेमकं तेच निघालं.

तुला समजेल असं सांगते. आपल्या अंगात बाहेरून जंतू शिरले की त्यांना धरायला शरीर प्रतिपिंडं तयार करतं, एकेका जंतूला बेतून. हे काम आयुष्यभर चोख चालतं. पण कधी कधी, का ते अजून कुणाला नीट सांगता येत नाही, शरीराची ओळख चुकते आणि ते आपल्याच एखाद्या भागाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. कुणात ती सांध्यांवर जातात, कुणात गळ्याच्या ग्रंथीवर, कुणाच्या कातडीवर. आईच्या अंगात ती स्नायूंवर गेली आहेत. तू इतकी पत्रं लिहितोस म्हणून असं समज: मज्जातंतू हा पोस्टमन, तो स्नायूला 'हल' म्हणून पत्र आणतो. स्नायूच्या दारावर पत्रपेटी आहे, पण तिच्या तोंडावर कुणीतरी कागद चिकटवून ठेवलाय. पहिली काही पत्रं कशीबशी आत जातात. जितकं जास्त हलाल तितकी पत्रं कमी पोचतात. विश्रांती घेतली की पुन्हा थोडी जातात. म्हणून सकाळचा चष्मा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा. डोळ्यांचा नंबर कधी बदललाच नव्हता, डोळे फिरवणारे स्नायू दमत होते.

म्हणजे या आजारात कवायत हे औषध नाही. दमणं हाच आजार आहे.

दोन प्रकारच्या गोळ्या दिल्यात. एक, आलेलं पत्र दारात थोडं जास्त वेळ टिकवणारी, तिने लगेच बरं वाटतं. दुसरी महत्त्वाची, शरीराचा हा भलता पहारा ढिला करणारी. तिचा गुण हळूहळू येतो, आणि ती अचानक बंद करायची नसते. आईला दुसरीच आवडत नाही. तू तिला दोन ओळी लिही. तुझं ती ऐकते, माझं नुसतं ऐकून घेते.

काळजी असेलच, ती थोडी इकडेही पाठव.

तुझी भाची,
बिट्टी

---

१५ एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ.

बिट्टीचं पत्र आलं. जिन्याचं वाचून मी जिना बंद केला, तूही कर. कविता आता मनातल्या मनात, माझ्यासारखी.

पत्रपेटीचं मला पटलं. पोरीला समजावता येतं, कुणाकडून आलं कुणास ठाऊक. पण ती दुसरी गोळी वाचून मी खुर्चीत विचार करत बसलो. अंगाची राखण ढिली करायची? आपल्या घरातलं एकच वैभव, ते म्हणजे आपली काटक अंगकाठी. साथी आल्या नि गेल्या, शाळा बंद पडल्या, पण मास्तरांची पोरं मैदानावर हजर. तू तर साधं शिंकायचीस तेसुद्धा सुट्टीच्या दिवशी. ती ताकद आपणहून औषध घेऊन उतरवायची, हे मनाला कसंसंच वाटतं. मी डॉक्टर नाही, शिकलेल्यांनी सांगितलंय ते करावंच. तरी जरा विचारून पाहा, तिच्यावाचून भागेल का? नुसत्या पहिल्या गोळीने बरं वाटत असेल तर निसर्गालाही थोडी संधी द्यावी, असं आपलं एका म्हाताऱ्याला वाटतं.

बाहेर गुलमोहरासारखा एक वृक्ष फुललाय. नाव माहीत नाही, तू असतीस तर तुला तो एक दिसतो की दोन ते विचारलं असतं. दोन दिसला असता तर फायदाच.

तुझ्या पापणीला माझा लोभ, ती वर राहो.

तुझा,
दादा

---

२० मे

मामा,

मायना आज राहू दे.

आई अतिदक्षता विभागात आहे. आधी साधी सर्दी झाली, मग गिळता येईना, मग श्वास पुरेना. छातीचे स्नायूसुद्धा स्नायूच असतात. आता घशात नळी आहे आणि यंत्र तिचा श्वास घेतंय. मशीन लावून तिचं रक्त थोडं थोडं बाहेर काढतात, त्यातला पातळ भाग त्या चुकीच्या प्रतिपिंडांसकट वेगळा करतात आणि बाकीचं परत अंगात सोडतात. मी रोज असल्या रक्ताच्या नळ्या हातात धरते. काल त्यातली एक आईच्या नावाची होती.

ती दुसरी गोळी तिने कधीच बंद केली होती. मला दाखवायला पाकीट रिकामं करायची. दुकानात चष्म्याच्या रिकाम्या डब्या आहेत ना, त्यांत गोळ्या सापडल्या. मखमली अस्तरात, नीट झाकून.

तुझ्यावर ओरडायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. लिहिताना लक्षात आलं की तू तिला बंद कर म्हणालाच नव्हतास. तू फक्त आप्पांची आठवण काढलीस. या घरात तेवढं पुरतं.

ती शुद्धीवर आहे, बोलू शकत नाही, लिहू शकते. पण गोळीचा विषय काढला की डोळे मिटून घेते. डॉक्टरीणबाई म्हणतात, यातून ती बाहेर येईल, पण ती गोळी पुन्हा नियमाने घेणार नसेल तर पुढच्या वेळी काही सांगता येत नाही. तिला जबरदस्तीने गिळवता येत नाही ना. तिने घ्यायला हवी.

तू काहीतरी कर.

बिट्टी

---

२३ मे

चि. बिट्टीस,
अ. आ.

तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

मी निघालो होतो. सामान बांधलं, आणि आज सकाळपासून खोकला आणि ताप. तूच म्हणशील की अशा माणसाने तिच्या जवळपास फिरकू नये, म्हणून तू म्हणायच्या आधी मीच थांबलो. काय लिहू तिला, काही सुचत नाही. आयुष्यभर मुलांना निबंध लिहायला लावले, आणि आज माझं पान कोरं आहे.

तिचा हात हातात घे. दोन्ही.

मामा

---

२ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, पण ओळखशील. नळी निघाली. आवाज अजून परतलेला नाही, म्हणजे मी सध्या तुझ्या कवितेसारखी आहे, मनातल्या मनात.

पहिली गोष्ट, श्रेय घेऊ नकोस. गोळी मी माझ्या अकलेने बंद केली. पासष्टीची बाई भावाच्या सांगण्यावरून काही करते असं लोकांना वाटलं तर दुकान चालायचं कसं? मला पेलवत नव्हतं ते एवढंच की कुणाच्या आधाराने, गोळी खाऊन, अंगाला लगाम घालून जगायचं. मला वाटत होतं, आप्पा कुठूनतरी पाहताहेत आणि अंथरुण गुंडाळायला येताहेत.

इथे पडल्या पडल्या वेळच वेळ असतो. तुला एक सांगायचं राहिलं आहे. तू कॉलेजात गेलास त्यानंतरची गोष्ट. हिवाळ्यात सकाळी मला लवकर जाग आली, न्हाणीघरात नळ सुरू होता, पण बादली भरल्याचा आवाज येईना. दार लोटलं. आप्पा लाकडी पाटावर बसले होते. बसले होते, दादा, कवायतीच्या वेळेआधी, गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून. बोटं सुजून अशी झाली होती की ओळखू येईनात. नळ कशाला सोडला होता तर बाहेर कुणाला कळू नये की ते बसलेत. मग आई आली आणि तिने त्यांच्या सदऱ्याची बटणं लावली, एकेक करून, लहान मुलाची लावतात तशी. असं रोज चालायचं. उजाडताना हात लाकडासारखे, दुपारपर्यंत थोडे सैल. आणि ती शिट्टी, जिचा तुला एवढा रुबाब वाटायचा, ती आली तेव्हा कवायतीला ताल देणाऱ्या त्यांच्या टाळ्या बंद झाल्या होत्या. टाळी वाजेनाशी झाली म्हणून शिट्टी.

त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं की हे दादाला कळवायचं नाही. त्याला वाटतं, बाप उभाच असतो, तसंच वाटू दे. मी पाळलं. त्यांना काय झालं होतं ते तेव्हा मला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. ते आपले जास्त कवायत करायचे आणि जास्त सुजायचे. काल बिट्टीला हे लिहून दाखवलं तर ती म्हणाली की नक्की सांगता येत नाही, पण तो माझ्याच आजाराच्या प्रकारातला, फक्त सांध्यांवर उलटलेला असू शकतो. त्या काळी, त्या माणसाला कुणी विश्रांती घ्या म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्याने ऐकलं नसतं.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. डॉक्टरीणबाई सांगतात, बिट्टी सांगते, पण त्या आपल्या मैदानावरच्या नाहीत. तू आहेस. मला बसायची परवानगी दे. तू दिलीस तर मी गोळी घेईन. हसू नकोस, मी खरंच विचारते आहे.

लोभाचं नंतर पाहू, आधी उत्तर दे.

तुझी,
ठकू

---

६ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

बस.

एवढंच लिहून पत्र टाकणार होतो, उशीर नको म्हणून. मग वाटलं, मास्तरांच्या मुलाने परवानगी द्यायची तर नीट, खड्या आवाजात द्यावी. तेव्हा ऐक, शेवटच्या रांगेपर्यंत: ठकू, तू बस. दुकानात बस, रस्त्यात बस, जिन्याच्या मधल्या पायरीवर बस. गोळी घे, पाणी पी, आणि पुन्हा बस. आप्पांच्या वतीने मी सांगतो आहे. त्यांना आज विचारता आलं असतं तर ते नळ सोडून 'हो' म्हणाले असते.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर माझे हात पाहत होतो. किती कविता शिकवल्या मी, उठा, चला, झेप घ्या, थांबू नका! मुलं बाकांवर बसून ऐकायची आणि मी उभा. बसलेल्या माणसावर एखादी कविता असती तर मी ती शिकवली असती का, कुणास ठाऊक. मला आठवतं ते सगळं मैदान होतं, आणि घर आत होतं, त्या दाराआड. आई बटणं लावत होती. तुला सगळं माहीत होतं आणि तू माझा बाप माझ्यासाठी इतकी वर्षं उभा ठेवलास. दमली असशील.

खोकला ओसरला आहे, पण पुरता नाही. मी येतो आहे. घरात येत नाही. बिट्टीला विचारून तुझ्या दुकान-घरासमोर, बेकरीच्या वरची खोली घेतली आहे. मला पूर्ण बरं वाटेपर्यंत आणि तुझ्या डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत मी रस्ता ओलांडणार नाही.

तोवर लोभ रस्त्यापलीकडून.

तुझा,
दादा

---

२९ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

समोरासमोर राहून पोस्टाने पत्र टाकणारा भाऊ माझ्या नशिबी यावा! पोस्टमन हसतो. परवा म्हणाला की आजोबांनी हात लांब केला असता तरी पोचलं असतं. मी त्याला सांगितलं की आमच्यात आवाज जपून वापरायचा असतो.

घरी आल्यापासून गोळी रोज घेते. बिट्टी पाकीट तपासते, मी तिला तपासू देते. तोंड थोडं सुजल्यासारखं गोल झालंय, औषधामुळे होतं म्हणे. बँकवाल्या गृहस्थांनी मला ओळखलं नाही, एक संकट टळलं. दुपारी झोपते. दुपारी! हे लिहिताना अजून मागे वळून पाहते, कुणी अंथरुण गुंडाळायला उभं नाही ना म्हणून. संध्याकाळी बेकरीचा दिवा कधी एक असतो, कधी दीड.

आता सकाळी दुकान मीच उघडणार आहे. बिट्टीने हो म्हटलंय, एका अटीवर. अट काय ते तुला खिडकीतून दिसेल.

तुझ्या खिडकीतला पडदा धुवायला टाक, इथून डाग दिसतात.

लोभ दिसतो आहे, पडद्याआडूनसुद्धा.

तुझी,
ठकू

---

३ जुलै

चि. ठकूस,
अ. उ. आ.

आज सकाळी तुला दुकान उघडताना पाहिलं. तू कुलूप काढलंस, वाकून शटरला हात घातलास आणि ते वर ढकललंस. कमरेपर्यंत आलं. मग खांद्यापर्यंत. आणि तिथे तुझे हात थांबले. मला इथून दिसत होतं, कोपर कसं हळूहळू उतरत होतं ते.

खिडकी उघडी होती. माझ्या घशात एक 'शाबास, पुढे!' तयार होऊन बसलं होतं, त्याला चाळीस वर्षांची सवय. मी ते गिळलं. सोपं नव्हतं.

मग तू शटर तिथेच सोडलंस, अर्ध्या उघडलेल्या दुकानातून स्टूल बाहेर ओढलंस आणि भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, दुकानाच्या भिंतीला पाठ लावून बसलीस. हात मांडीवर. दूधवाल्याने गाडी थांबवून काहीतरी विचारलं, तू मानेने नको म्हणालीस आणि बसूनच राहिलीस. शाळेत जाणाऱ्या मुली वळसा घालून गेल्या. तू बसलीस. कुठेही नळ सुरू नव्हता.

तुला पाहताना माझ्या लक्षात आलं की मी उभा होतो, गज धरून, पाय जुळवून. मी खुर्ची ओढली आणि बसलो. टेबलावर पेपर होता, तो उघडला. सगळ्या बातम्या वाचल्या, हवामानसुद्धा. पुन्हा पाहिलं तेव्हा दुकान पूर्ण उघडलेलं होतं आणि तू आत कुणाच्या तरी नाकावर फ्रेम बसवत होतीस. उरलेलं शटर तू केव्हा वर केलंस, ते मी पाहिलं नाही.

लोभ बसल्या जागी आहे, त्याला उठवू नकोस.

तुझा,
दादा